तंबाखूच्या दुकानावर राहणं

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं आणि विचारलं, "आजी, मिश्री लावता?"

"न्हाय," आत्ती म्हणाल्या.

हिरड्या काळ्या, दातांच्या फटी काळ्या, उजव्या हाताच्या बोटाचं पेर काळं, आणि बाई म्हणतात न्हाय! डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे पाहत राहिले.

"कधीच नाही?"

"दात घासायला जराशी लावतो. खात न्हाय."

आमच्याकडे बायकासुद्धा 'मी लावतो, मी आलो' असंच बोलतात. आणि मिश्रीबद्दल तर सगळ्या बायका हेच सांगतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, आणि तिला दात घासायचं नाव द्यायचं. नाव दातांचं, नशा तंबाखूची. आत्ती सकाळी दात घासायच्या, जेवण झालं की घासायच्या, चहाआधी घासायच्या, चहानंतर घासायच्या. एवढं घासूनही त्यांची दाढ हलायला लागली म्हणून तर मी त्यांना घेऊन आले होते.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

दाढ राहिली बाजूला. डॉक्टरीणबाईंना गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. त्यांनी तो मला आरशात दाखवला, आत्तींनाही दाखवला. "आत्ता घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "पण मिश्री आजपासून बंद. चट्टा वाढला तर काढून तपासायला पाठवावा लागेल. घरात आणखी कुणी तंबाखू खातं का?"

"खात कुणी नाही," मी म्हणाले. आणि मग लपवून उपयोग नव्हता म्हणून सांगितलं, "विकतो."

आमचं घर शिवाजी पेठेत आहे. खाली दुकान, वर आम्ही. वर जायला जिना एकच, आणि तो दुकानातून जातो. दुकानात खायची तंबाखू, विड्या, सिगारेटी, चुना, तपकीर. मिश्रीचे डबे नेमके जिन्याखाली रचलेले. म्हणजे ज्या बाईनं मिश्री सोडायची, तिनं खाली-वर करताना दरवेळी मिश्रीच्या डब्यांना खांदा घासून जायचं. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं असतं.

आम्ही आलो तेव्हा मामा गल्ल्यावर बसले होते. समोर एक बाई उभी होती.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"चट्टा आलाय तोंडात. मिश्री बंद करा म्हणाल्या."

"मग कर की बंद," मामा आत्तींना म्हणाले, आणि हात न थांबवता त्यांनी समोरच्या बाईला मिश्रीची पुडी दिली.

मला तिथंच किंचाळावंसं वाटलं. पण आमच्या दुकानात किंचाळून काही होत नाही. पेठेत सगळेच मोठ्यानं बोलतात.

मामांविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर ते वाईट माणूस आहेत असं वाटेल. तसे ते नाहीत. त्यांना कसलंही व्यसन नाही. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकत नाहीत. तंबाखू घ्यायला स्वतः निपाणीला जातात, पान हातात चुरगाळतात, नाकाशी धरतात, आणि पसंत पडलं तरच घेतात. गुटख्यावर बंदी आली तेव्हापासून आमच्या दुकानात गुटखा नाही. कर्नाटकच्या बाजूनं तो येतो, कुठं मिळतो हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्याकडे कुणी दबक्या आवाजात विचारलं तर मामा रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पावणं, बंदीचा माल हितं मिळत न्हाय!" त्यामुळे आपण अगदी सचोटीचा धंदा करतो अशी त्यांची समजूत आहे. पुडीवरच्या चित्रांबद्दल त्यांचं म्हणणं असं की, "त्यावर चित्र हाय, खाली लिहिलंय. अजून मी काय कीर्तन करू?"

ती चित्रं तर माझ्या डोक्यात जातात. कुणाचा सडलेला गळा, कुणाचा फुटलेला गाल. गिऱ्हाइकं ती बघतात, नाही असं नाही. नीट बघतात आणि म्हणतात, "आबा, हे गळ्याचं नको. आधीच्या चित्राची पुडी असंल तर बघा की." आणि मामा खरंच मागच्या फळीवर आधीच्या चित्राची पुडी शोधत बसतात. सरकारनं माणसं घाबरावीत म्हणून चित्रं छापली, आणि आमच्या गल्लीत त्यांची निवड सुरू झाली.

मी गारगोटीकडची. माझी सोयरीक जमली तेव्हा माझ्या वडलांनी पेठेतली जागा पाहिली, चालू दुकान पाहिलं, मुलगा निर्व्यसनी पाहिला. तंबाखूच्या दुकानावर राहावं लागतं म्हणजे काय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पहिलं वर्ष मी शिंकण्यात काढलं. अजूनही पाऊस लागला की पोती दमट होतात आणि तो वास जिन्यानं वर येतो. उशांना येतो, मुलीच्या गणवेशाला येतो, लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला येतो.

तर मिश्री बंद करायची होती. आत्तींनी मला एका शब्दात होकार दिला. "सोडली बघ," त्या म्हणाल्या, आणि आपली डबी माझ्या हातात ठेवली. मी ती त्यांच्यासमोर मोरीत धुतली.

पुढचे काही दिवस घरात बसवत नव्हतं. "डोकं धरलंय," म्हणायच्या. "पोट साफ होत न्हाय," म्हणायच्या. भाकरी थापताना माझ्या पाठीशी उभ्या राहून माझ्या भाकरीला, माझ्या माहेराला, माझ्या मुलीच्या केसांना नावं ठेवायच्या. मी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चिडचिड होईल, सांभाळून घ्या. आणि मग एके सकाळी आत्ती एकदम खुशीत. चहा छान झालाय म्हणाल्या. मला काय ते समजलं. शोधायला फार वेळ लागला नाही. देवघरातल्या कुंकवाच्या डबीत मिश्री होती.

ती काढून घेतली. मग शेजारच्या वहिनी कोथिंबीर घेऊन यायला लागल्या. कोथिंबिरीच्या जुडीत पुडी. त्यांना मी दारातच थांबवून विचारलं, "अहो, त्यांच्या तोंडात चट्टा आलाय. तुम्हाला माहीत हाय न्हवं?"

"म्हातारं माणूस हाय," वहिनी म्हणाल्या. "कितीसं ऱ्हायलंय आता? कशाला जीव मारायचा?"

वहिनींचं वर येणं बंद केलं, तर आत्ती खाली जाऊन दुकानाच्या पायरीवर बसायला लागल्या. ऊन खातोय म्हणायच्या. ऊन कसलं खातायत? मिश्री घ्यायला आलेल्या बायका आपली पुडी तिथंच फोडायच्या आणि चिमूटभर आत्तींच्या तळहातावर ठेवायच्या. वाण द्यावं तसं. आमच्याच दुकानातून विकत घेतलेली मिश्री, आमच्याच सासूला, आमच्याच पायरीवर! मी नवऱ्याला वरून हाक मारून ते दाखवलं. तो गल्ल्यावर उभा होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "आता गिऱ्हाइकाला काय सांगू? घ्या, पण देऊ नका म्हणू?"

"व्हय, सांगा की!"

"तू बी ना," तो म्हणाला.

त्याच दिवसांत शाळेची रॅली आली. मुलगी आठवीत होती. मुलांच्या हातात फलक, पुढे बँडवाली पोरं, "सोडा सोडा, तंबाखू सोडा" असा गजर. आणि सरांना फोटो काढायला सगळ्या पेठेत दुसरी जागा मिळाली नाही. आमच्या दुकानासमोरच रॅली थांबवली. मागं आमची पाटी, त्यावर हे भलंमोठं तंबाखूचं पान रंगवलेलं, पुढं मुलं. आमची मुलगी शेवटच्या रांगेत फलकानं तोंड झाकून उभी. मी वरच्या खिडकीतून बघत होते. देवा, हिला आता कुणी हाक मारू नये, एवढंच मनात.

आत्ती पायरीवर होत्या. बोट तोंडात. ते काढून त्यांनी पचकन थुंकलं आणि हाक मारली, "अगं ए, पाणी पिऊन जा! पोरांस्नी बी बोलीव!"

मुलं हसली. मग खरंच पाणी प्यायली. मामांनी स्वतः कळशी बाहेर आणून दिली, आणि मुलांचं कौतुकही केलं, "चांगलं काम करताय, पोरांनो." रॅली पुढं गेली. एक सर मागं राहिले. मामांनी काही न विचारता त्यांच्या नेहमीच्या सिगारेटचं पाकीट पुढं केलं.

मुलगी घरी आली ती जेवलीच नाही. "मी त्या शाळेत जाणार नाही," म्हणाली. "सगळे मला तंबाखू म्हणतात."

मामांनी तिला जवळ बसवलं. "शाळेजवळ विकायची न्हाय असा कायदा हाय, बरोबर? आपलं दुकान किती लांब हाय. आपण कायदा मोडत न्हाय. सांग पोरींना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मामांना कळलं नाही, की कळूनही त्यांनी तसं दाखवलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी नवऱ्याच्या मागेच लागले. दुकान बदलू या. रोज भांडण. त्याचं एकच, "मग खायचं काय? ह्या जागेत दुसरं काय चालणार?" शेवटी कंटाळून म्हणाला, "अर्धं दुकान घे. तुला काय करायचंय ते कर."

मी चटणी करायचं ठरवलं. कांदा-लसणीची चटणी मला चांगली येते; माहेरी उन्हाळ्यात आमच्या अंगणात बायकांचा कारखानाच असायचा. मिरच्या निवडल्या, उन्हात वाळवल्या, खोबरं भाजलं, डंकावर नेऊन कुटून आणली. दुकानाच्या डाव्या बाजूची फळी रिकामी केली, सोड्यानं घासली, नवा कागद घातला. बरण्या मांडल्या. लाल रंग बघूनच मला बरं वाटलं. उजव्या बाजूला तंबाखू होतीच, पण म्हटलं, एकदा चटणी चालली की ती जाईलच.

पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी हौसेनं नेली. दुसऱ्या आठवड्यात एक बाई बरणी घेऊन परत आली. माझ्यासमोर झाकण उघडून म्हणाली, "जरा वास घ्या."

मी घेतला. आधी लसूण, मग मिरची, आणि त्यामागून हळूच तंबाखू.

"आमचे मालक म्हणाले, मटणात कुणी जर्दा घातलाय," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. मला रडू.

मी बरण्या वर ठेवायला लागले, फक्त विकायला खाली आणायची. तरी वास. डंकावर वेगळं फडकं नेलं. तरी वास. एवढी वर्षं त्या भिंतींनी, त्या फळ्यांनी, त्या तराजूनं तंबाखूच प्यायलीय. आणि जे चटणीला यायचे ते उजव्या बाजूला तंबाखू मागायचे, आणि जे तंबाखूला यायचे ते चटणीच्या बरणीवर चुन्याचं बोट पुसून जायचे. पेठेतल्या संघाची मॅच असली की पोरांची झुंबड उडायची. त्यांचे कोपर लागून एकदा दोन बरण्या रस्त्यावर फुटल्या. नवरा झाडू घेऊन धावत आला, खाली बसून काचा गोळा केल्या, आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला जास्त लागलं. उन्हाळा संपायच्या आत मी उरलेली चटणी नातेवाइकांना वाटून टाकली. त्यांनी चांगली आहे म्हणून सांगितलं. वासाबद्दल कुणी बोललं नाही. नातेवाईकच ते.

ह्या गडबडीत आत्तींकडे माझं लक्ष कमी झालं होतं. मला वाटत होतं, पायरीवरच्या बायकांना मी दम दिल्यापासून मिश्री जवळजवळ सुटलीय. पण एके दुपारी खाली मामांचा आवाज चढला. मी धावत गेले. मामा आत्तींसमोर उभे होते, हातात एक पुडी.

"ही कुठली?"

आत्तींनी काळं बोट पदराला पुसलं.

"ही आपली न्हाय. ह्यात कोळसा हाय, वीटकर हाय. ह्यो माल कुठला, सांग."

"कोपऱ्यावरनं आणली," आत्ती हळूच म्हणाल्या.

"कोपऱ्यावरनं?" मामांनी पुडी गल्ल्यावर आपटली. "माझी बायको कोपऱ्यावरच्या दुकानातनं मिश्री आणती? लोक काय म्हणत असतील? स्वतःच्या घरातली बाई ह्येची मिश्री लावत न्हाय, मग आम्ही कशाला लावायची?"

चट्टा आल्यावर हा माणूस चिडला नव्हता. डॉक्टरचं ऐकून चिडला नव्हता. तो आता चिडला! मला वाटलं, चला, कशानं का होईना, आता तरी काही होईल. झालं ते असं: दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी गच्चीवर शेगडी पेटवली, जुना लोखंडी तवा ठेवला आणि निपाणीची पसंतीची तंबाखू स्वतः भाजायला बसले. धूर अख्ख्या गल्लीत. वहिनी खोकत होत्या, समोरच्या तालमीतली पोरं खोकत होती, आणि आत्ती शेजारी पाटावर बसून नव्या नवरीसारख्या बघत होत्या.

"मामा, हे काय करताय?"

"भाईरची भेसळ लावून मरण्यापरीस घरची चांगली लावू दे."

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय! चांगली-वाईट असं न्हाय सांगितलं. विषात काय चांगलं आणि वाईट असतंय?"

मामांनी उलथनं खाली ठेवलं. "विष म्हणतीस? ह्या विषावर तुझ्या नवऱ्याचं शिक्षान झालं. तुझ्या पोरीची फी ह्याच्यावर भरतोय. रोज ताटात काय वाढतीस ते कुठनं येतंय?"

त्यांचं खरं होतं, म्हणूनच अंगाची लाही झाली. आत्ती मला म्हणाल्या, "तू कशाला तरास करून घेतीस? माझं तोंड हाय न्हवं?" मी खाली आले, पिशवी भरली आणि गारगोटीची एसटी धरली. मुलीला नवऱ्याकडे ठेवलं. म्हटलं, चार दिवस तरी तो वास नको.

माहेरी दारात आई. मी चप्पल काढतेय तोच विचारते, "मिश्री आणलीस न्हवं?"

दरवेळी मी निघताना मामा तिच्यासाठी पुड्या बांधून द्यायचे. विहीणबाईंना भेट. ह्या वेळी मी भांडून आलेली, मला कोण पुड्या देणार?

"न्हाय आणली."

"जावयाचं दुकान असून मी बाजारात जाऊन इकत आणू व्हय?"

मी तिला आत्तींच्या चट्ट्याचं सांगितलं. तिनं हळहळ केली. मग भावाला म्हणाली, बाजारात जातोयस तर एक पुडी आण. मी दुसऱ्याच दिवशी परत आले. कुठं जायचं माणसानं?

त्यानंतरच्या तपासणीला चट्टा वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. रागावल्या नाहीत त्या. दमल्यासारखं पाहिलं. "आता मोठ्या दवाखान्यात काढून घ्यावा लागेल," म्हणाल्या. चिठ्ठी लिहून दिली.

रिक्षात आत्तींनी माझा हात धरला होता. घर येईपर्यंत सोडला नाही. जिन्याखालच्या डब्यांकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही, आणि मामांकडेही नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मामा दुकान बंद करून आले. दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा ते दुकान बंद नसतं. दवाखान्याच्या जिन्यात प्रत्येक कोपरा पिचकाऱ्यांनी लाल झालेला. वर 'येथे थुंकू नये' लिहिलेलं, त्यावरही थुंकलेलं. आत्तींना आत नेल्यावर मामा, नवरा आणि मी बाकावर बसलो. समोर तसलेच रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. कुणाच्या जबड्याला पट्टी, कुणाच्या नाकात नळी. मामा एकेकाकडे बघत होते आणि मान खाली घालत होते.

एक माणूस आमच्या बाकाशी आला. मुरगूडकडचा होता, बायकोला घेऊन आला होता. तिच्या गालाचंच काहीतरी होतं. त्यानं तळहातावर तंबाखू घेतलेली. मामांना म्हणाला, "पावणं, जरा चुना हाय का?"

मामा उठून उभे राहिले. "तुझी बायको आत पडल्या, आणि तू हितं तंबाखू मळतोस? लाज न्हाय वाटत?"

तो माणूस दचकला. "टेन्शन येतंय ओ," म्हणाला. "हेच खातोय जरा."

मामा खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याला हितं तंबाखू कुणी दिली आसंल?"

"कुणीतरी दुकानदारानंच दिली असंल की, मामा," मी म्हणाले.

नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. मला मात्र बोलल्याचं वाईट वाटलं नाही.

तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पेठेतल्या घरात ही गोष्ट व्हायला फार मोठं कारण लागतं. रिपोर्ट चांगला आला. त्यात अजून वाईट काही नव्हतं. आत्तींच्या तोंडात टाके होते, पातळ पेज चालली होती, म्हणून त्या नुसत्या हात जोडून रडल्या. मामा खाली गेले आणि दुकानातल्या देवाच्या फोटोला हार घातला. मी मनात म्हटलं, आता ते डबे उचलतील. नाही उचलले.

टाके निघाले. तोंड भरून आलं. आणि एके सकाळी, मी भाजी चिरत असताना, मोरीतून ओकारीचा आवाज आला. जाऊन पाहते तर आत्ती भिंतीला धरून उभ्या. डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम. पायाशी मिश्रीची डबी पालथी पडलेली. इतके दिवस सोडल्यावर त्यांनी पहिल्यासारखी बोटभर लावली होती, आणि ती त्यांना लागली होती.

बोलायचं ठरवलंच होतं, पण इतका राग साठला होता की कुठून सुरू करावं कळेना. पाणी दिलं. त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि भिंतीशी बसल्या.

"एवढं घाण असतंय व्हय हे?" त्या म्हणाल्या.

"मग! मी काय सांगत होते इतके दिवस?"

"तुझं काय ऐकायचं? तू कधी लावल्यास?"

बरोबर. मी लावली नव्हती, म्हणून माझं ऐकायचं नव्हतं. पण त्या दिवसापासून आत्तींनी मिश्रीला बोट लावलं नाही. डॉक्टरांनी सांगून नाही, माझ्या सांगण्यानं नाही, रिपोर्टच्या भीतीनं नाही. घाण लागली म्हणून. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यासाठी मी माझं सगळं डोकं पिकवून घेतलं.

इथं हे थांबलं असतं तर मला सुख लागलं असतं. पण आत्ती पुन्हा खाली पायरीवर बसायला लागल्या, आणि आता मिश्री घ्यायला आलेल्या बायकांना अडवायला लागल्या. "नको घिऊस. माझं तोंड बघ." आणि खरंच गाल ओढून टाक्यांची जागा दाखवायच्या. बायका घाबरून निघून जायच्या. पुड्यांवरच्या चित्रांनी जे झालं नाही ते आत्तींच्या गालानं व्हायला लागलं. मग त्यांनी तंबाखूवाल्या पुरुषांनाही धरलं. ओळखीचा असो, नसो. "कुणाचा रं तू? लगीन झालंय? बायकोला काय सांगणार हाईस?"

मामा वरच्या आवाजात, "अगं धंदा हाय ह्यो!"

"मग करा की. मी कुठं न्हाय म्हणतो? तुम्ही इका, मी सांगतो."

नवरा हसतो. मामांना हसू येत नाही. मी दोघांना वर जेवायला बोलावते तेव्हा दोघं एकमेकांशी न बोलता भाकरी मोडतात. मिश्री आमच्या दुकानात आता जवळजवळ खपत नाही. जिन्याखालचे डबे कमी झाले आहेत. तिथं नवऱ्यानं बिस्किटं आणि मोबाईलची कव्हरं ठेवली आहेत. तंबाखू मात्र आहे. मामा ती सोडणार नाहीत, हे मी आता मान्य केलं आहे. म्हणजे भांडणं सोडलेली नाहीत. फक्त त्यातून काही होईल ही आशा सोडली आहे.

मामांनी त्यावर आपला उपाय काढला. आत्ती दुपारी जेवून वर झोपतात. तेवढ्या वेळात नेहमीची गिऱ्हाइकं येतात. आधी तालमीच्या कट्ट्यावर बसून राहतात, वर खिडकीकडे बघत. खिडकीचा पडदा ओढला की एकेक उठतो, दुकानात जातो, पुडी घेतो, खाली मान घालून निघतो. जिथं सगळं कायद्यानं चालतं, तिथं आता कायदेशीर तंबाखू चोरून विकली जाते. मला ह्याचा वैताग यावा की समाधान वाटावं, तेही कळत नाही. वैतागच येतो जास्त.

परवा मी दळण घेऊन येत होते. कट्ट्यावरून एक जण उठून माझ्याजवळ आला. चांगला पँट-शर्टातला माणूस, कुठल्यातरी कार्यालयात असावा.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आत्ती झोपल्या का?"

आत्ती केव्हाच झोपल्या होत्या. मी त्यांना स्वतः पांघरूण घालून आले होते.

"जाग्या हाईत," मी म्हणाले.

त्यानं वर खिडकीकडे पाहिलं, पडदा ओढलेला होता. मग माझ्याकडे पाहिलं. मी दळणाचा डबा कडेवर घेऊन तशीच उभी राहिले, त्याच्या वाटेत. तो थोडा वेळ घुटमळला, घड्याळ बघितलं, आणि रंकाळ्याच्या दिशेनं चालायला लागला. त्या वाटेवर तंबाखूची दुकानं काय कमी आहेत?